कवितेचं कपाट कुठे आहे?

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात शिरलात की पुस्तकांकडे वळण्याआधी जरा भिंती वाचा. ‘शांतता राखा’, ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘पिशव्या काउंटरवर जमा कराव्यात’, ‘वृत्तपत्रातील शब्दकोडी सोडवू नयेत’, ‘वर्गणी वेळेवर भरावी’. आणि सगळ्यांत ठळक, बहुधा लाल अक्षरांत, ‘सभासदांनी आत येऊ नये’. वरच्या बाजूला संस्थापकांच्या तसबिरी, शेजारी देणगीदारांची संगमरवरी यादी, खाली कार्यकारी मंडळाचा फळा. इतक्या पाट्यांत एक पाटी मात्र सापडत नाही. कविता कुठे आहेत, प्रवासवर्णनं कोणत्या कपाटात आहेत, मुलांची खोली डावीकडे की जिना चढून वर, हे सांगणारी.

असं का, याचं उत्तर काउंटरमागे बसलेलं असतं. देवघेव विभागातल्या माणसाला सगळं पाठ असतं. कुठली कादंबरी कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर, आत्ता कोणाच्या घरी गेली आहे आणि त्या घरातून ती कधीच वेळेवर परत का येत नाही, हेसुद्धा. पिढ्यान् पिढ्या आपली वाचनालयं या स्मरणशक्तीवर चालली. घरातून चिठ्ठी यायची. तिच्यावर पाच-सहा पुस्तकांचे क्रमांक, पहिलं नसेल तर दुसरं, दुसरं नसेल तर तिसरं. चिठ्ठी लिहिणारी बाई घरीच असायची, चिठ्ठी घेऊन मुलगा यायचा. त्या मुलाकडे बघूनच काउंटरवरचा माणूस ओळखायचा की या घरी रहस्यकथा चालणार नाही. ज्यांनी हे अनुभवलं आहे, त्यांना त्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटते आणि ती रास्त आहे. कमी पगारात, कधी पगाराशिवाय, या लोकांनी मराठी वाचक वाढवला.

पण याच माणसामुळे आपल्याकडे पाट्या लागल्या नाहीत, हेही तितकंच खरं आहे. वाट त्याच्या डोक्यात असताना ती भिंतीवर लिहिण्याची गरज कोणालाच वाटली नाही. तो निवृत्त झाला की वाटही त्याच्याबरोबर घरी जाते. शिवाय त्याला विचारण्यासाठी आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं, एखाद्या पुस्तकाचं नाव किंवा लेखकाचं. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या आवडीचं पुस्तक घेऊन घरी जातो. काही पुस्तकं तर विचारताच येत नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल वाचायचं आहे, देवळाच्या पुजाऱ्याच्या मुलाला नास्तिकतेबद्दल वाचायचं आहे. काउंटरमागे शेजारचे काका बसलेले. कोण विचारणार? नव्या सभासदाला कोणालाही न विचारता, आपल्या हाताने पुस्तक शोधता येत नसेल, तर त्या वाचनालयाच्या नावातला ‘सार्वजनिक’ हा शब्द अर्धाच खरा आहे, असं माझं मत आहे.

हा गुन्हा एकट्या मराठी माणसाचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या सार्वजनिक ग्रंथालयांतही वाचक पुस्तकांपर्यंत पोचत नसे. काउंटरवर ‘इंडिकेटर’ नावाची भली मोठी चौकट उभी असायची. तिच्यात प्रत्येक पुस्तकाच्या क्रमांकाची बारीक पट्टी, एका टोकाला एक रंग, दुसऱ्या टोकाला दुसरा. रंग पाहून पुस्तक आत आहे की बाहेर गेलं आहे हे कळायचं आणि मग क्रमांक सांगून ते मागायचं. कॉटग्रीव्ह यांचा इंडिकेटर त्यात सगळ्यांत गाजलेला. वाचक तासन् तास आकड्यांकडे बघत उभा, पुस्तकं त्या चौकटीच्या मागे. १८९४ साली लंडनच्या क्लार्कनवेल ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन यांनी ही चौकट हटवली आणि वाचकांना थेट रॅकपाशी जाऊ दिलं. आत जायला एक फाटक, बाहेर पडायला दुसरं, दोन्हींवर कर्मचाऱ्यांची नजर. ब्रिटनमधल्या सार्वजनिक ग्रंथालयातला हा पहिला मोठा मुक्तद्वार प्रयोग. त्यावर ग्रंथपालांमध्येच कडाक्याचं भांडण जुंपलं. पुस्तकं चोरीला जातील, मांडणी विस्कटेल, वाचक गोंधळतील. हे तिन्ही आक्षेप आजही कुठल्याही मराठी वाचनालयाच्या वार्षिक सभेत, त्याच क्रमाने, ऐकायला मिळतात.

आपल्याकडे हे दार उघडलं ते बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, आणि अमेरिकेत फिरताना तिथली ग्रंथालयं पाहून भारावून गेला. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. १९१३ पर्यंतच्या तीन वर्षांत बोर्डन यांनी संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, माणसं शिकवून तयार केली, फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव धाडल्या आणि डेव्ही व कटर या दोन अमेरिकन पद्धतींचा मेळ घालून बडोद्यापुरतं नवं वर्गीकरण बेतलं. ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघू लागलं. महाराजांनी स्वतःचा खासगी संग्रह, सुमारे २० हजार पुस्तकं, लोकांसाठी दिला. पुढे मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत लोखंडी रॅकचे एकावर एक मजले उभे राहिले आणि त्यांची जमीन काचेची केली गेली. काच अशासाठी की वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांच्या पाठींपर्यंत पोचावा. पुस्तकावरचं नाव वाचता आलं तरच वाचकाला आत सोडण्यात अर्थ, इतका साधा विचार त्यामागे आहे. आपल्या कित्येक नव्या, सरकारी खर्चाने बांधलेल्या ग्रंथालयांत दुपारी बारा वाजता खालच्या फळीवरची नावं वाचायला मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो. बडोद्याला जाऊन ती काच एकदा पाहायला हवी.

वाटेचा असाच बारीक विचार पुढे मद्रासमध्ये झाला. गणिताचे प्राध्यापक असलेले शियाली रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक विद्यार्थी हा सिद्धांत घोकतो, पण रंगनाथनांनी त्याचा अर्थ किती बारकाईने लावला होता, ते फारसं सांगितलं जात नाही. रॅकच्या रांगेच्या तोंडाशी पाटी, प्रत्येक खणावर पाटी, फळीच्या कडेवर पाटी, अशी वाटाड्यांची उतरंड त्यांनी घालून दिली. मोठ्या विषयाकडून बारीक विषयाकडे वाचक पायरीपायरीने उतरला पाहिजे. आणखी एक गोष्ट ते सांगत, ती मला जास्त मोलाची वाटते. वर्गांकांचा क्रम पवित्र मानू नका. लोकांना जे रोज लागतं ते दाराजवळ आणा, मग आकड्यांची साखळी तुटली तरी बेहत्तर. स्वतः एक अख्खी वर्गीकरण पद्धत रचणारा माणूस हे म्हणतो, म्हणून त्याचं वजन.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या मराठी गोंधळाकडे येऊ, कारण वाट चुकण्याचं मूळ पुष्कळदा इथे आहे. मेल्विल डेव्ही यांची दशांश पद्धत १८७६ ची. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. ती अमेरिकन कॉलेजातल्या ग्रंथपालाने अमेरिकेतल्या पुस्तकांसाठी रचली. त्यामुळे २०० च्या घरात ख्रिस्ती धर्माला ऐसपैस जागा आणि हिंदू धर्माला २९४.५ एवढं खुराडं. साहित्यातही तेच. मराठी साहित्य म्हणजे ८९१.४६. मराठी कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबऱ्या ८९१.४६३. इंग्रजी ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात दोन फळ्या मराठी पुस्तकं असतील तर ही सोय उत्तम आहे. पण ज्या वाचनालयात दहातली आठ पुस्तकं मराठी ललित आहेत, तिथे दहातल्या आठ पुस्तकांच्या पाठीवर एकच आकडा येतो. हजारो कादंबऱ्या, सगळ्यांवर ८९१.४६३. अशा आकड्याने वाट कशी दाखवायची?

म्हणून आपल्या वाचनालयांनी शहाणपणाने आपली वेगळी सोय केली. कादंबरीला ‘का’, चरित्राला ‘च’, नाटकाला ‘ना’, आणि पुढे दाखलांक. म्हणजे पुस्तक वाचनालयात ज्या क्रमाने आलं तो क्रमांक. कर्मचाऱ्याला हे फार सोपं जातं. यादीत क्रमांक बघायचा, जाऊन उचलायचं. पण उद्या काउंटर हटवून वाचकाला आत सोडलं की हीच सोय मुळावर येते. एकाच लेखकाच्या चार कादंबऱ्या चार कपाटांत, कारण त्या चार वेगवेगळ्या वर्षी विकत घेतल्या. शेजारी शेजारी उभी असलेली पुस्तकं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. मुक्तद्वार म्हणून गाजावाजा करून उघडलेल्या कित्येक दालनांत हेच झालं आहे. दार उघडलं, मांडणी तीच राहिली.

बरं, लेखकाच्या नावाने लावायचं ठरवलं तर कोणत्या नावाने? कुसुमाग्रजांच्या कविता ‘कु’मध्ये आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटकं ‘शि’मध्ये, माणूस एकच. आरती प्रभूंच्या कविता ‘आ’खाली आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या ‘खा’खाली. राम गणेश गडकरी नाटकात गडकरी, कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम. ग्रेस शोधायला कोणी ‘गोडघाटे’ या नावाकडे जाईल का? पु. ल. तर ‘देशपांडे’च्या गर्दीत हरवतात. मराठी वाचक ‘देशपांडे’ असं कधीच म्हणत नाही, तो ‘पुलं’ म्हणतो, ‘जीए’ म्हणतो, ‘बहिणाबाई’ म्हणतो, ‘अण्णाभाऊ’ म्हणतो. ग्रंथपालाने आडनावाप्रमाणे लावावं हे शास्त्राला धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग ‘पु’च्या फळीवर एक पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून ‘पु. ल. हवे असतील तर दे पाहा’ एवढं लिहायला काय जातं? कार्ड कॅटलॉगच्या खणांमध्ये अशी ‘पाहा’ची कार्डं असायची. संगणक आले, लाकडी खण भंगारात गेले, आणि ती कार्डंही गेली. फळीवर ती कधी आलीच नव्हती.

ज्ञानेश्वरीचं काय करायचं, हा प्रश्न मी मुद्दामच सोडवत नाही. ती धर्मात ठेवा, कवितेत ठेवा, ‘संतवाङ्मय’ असं वेगळं कपाट करा. फक्त जिथे ठेवाल तिथली पाटी उरलेल्या दोन्ही ठिकाणी लावा.

आता जरा लांब जाऊ, कारण पैसा, कल्पकता आणि जगातला नामवंत वास्तुविशारद हे सगळं असूनही लोक वाट कशी चुकतात, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेत सिएटल शहरात आहे. तिथलं मध्यवर्ती ग्रंथालय मे २००४ मध्ये उघडलं. आराखडा रेम कूलहास आणि जोशुआ प्रिन्स-रामस यांचा. अकरा मजल्यांची, काचेची, कोनाकोनांची इमारत. शहर उताराचं, त्यामुळे इमारतीला दोन रस्त्यांवर दोन दारं. चौथ्या अव्हेन्यूवरून आत गेलात तर तुम्ही पहिल्या मजल्यावर, पाचव्या अव्हेन्यूवरून गेलात तर तिसऱ्या. दोन मैत्रिणी दोन दारांनी आत आल्या तर दोघींनाही आपण तळमजल्यावर उभ्या आहोत असंच वाटणार. गोंधळाची सुरुवात उंबरठ्यावरच.

या इमारतीतली खरी अफलातून गोष्ट म्हणजे पुस्तकांचा चक्राकार उतार. कुठल्याही ग्रंथालयात एखादा विषय फुगला की त्याची पुस्तकं मजल्यात मावत नाहीत, मग उरलेली तळघरात, गॅलरीत, जिथे जागा असेल तिथे. विषयाचे तुकडे होतात. कूलहास यांनी सहाव्या ते नवव्या मजल्यापर्यंत एकच सलग, हलक्या चढाचा मार्ग केला आणि त्यावर ००० पासून ९९९ पर्यंत अख्खी डेव्ही पद्धत एका ओळीत पसरली. आकडे पायाखाली, जमिनीवरच्या रबरी पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत. चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही विषयामागून विषय ओलांडत जाऊ शकतो. सुमारे साडेचौदा लाख पुस्तकांची जागा. पुस्तकांपर्यंतची वाट या प्रश्नाला कोणा वास्तुविशारदाने दिलेलं इतकं मनापासूनचं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

तरीही लोक चुकले. उतारावर चालणं सोपं होतं. उतारापर्यंत पोचणं आणि तिथून बाहेर पडणं अवघड होतं. झगझगीत पिवळे सरकते जिने माणसाला झपाट्याने वर नेतात, मधले मजले वगळून. खाली यायचं म्हटलं की तसाच जिना समोर सापडत नाही. लिफ्ट किंवा साधा जिना शोधत फिरावं लागतं. चौथा मजला तर भिंती, जमीन, छत सगळं लालभडक, वळणावळणाची बोळ, फोटोंसाठी झकास. प्रत्येक मजल्याचा आकार निराळा. इमारत उघडल्यानंतर कर्मचाऱ्यांनी कंटाळून कागदावर छापलेल्या पाट्या जागोजागी चिकटवल्या. ब्रूस माऊसारख्या नामांकित आरेखनकाराची अक्षरं भिंतीवर आणि त्यांच्या शेजारी सेलोटेपने लावलेला ‘लिफ्ट इकडे’ छापाचा कागद. तो कागद मला त्या इमारतीवरची सगळ्यांत प्रामाणिक टीका वाटतो. वाचक रोज तोच प्रश्न विचारतात म्हणून तो लावलेला असतो.

पुढे गंमत अशी की वाट चुकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आणि वास्तुतज्ज्ञच या इमारतीच्या प्रेमात पडले. लॉरा कार्लसन, ख्रिस्तोफ हॉल्शर, थॉमस शिप्ली आणि रूथ कॉनरॉय डाल्टन यांनी २०१० साली इमारतीत हरवण्यावर एक निबंध लिहिला, त्यात सिएटलचं उदाहरण अग्रभागी आहे. २०१७ मध्ये या एकाच इमारतीवर संशोधकांचं अख्खं पुस्तक निघालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वाट सापडणं तीन गोष्टींवर ठरतं: इमारत कशी आहे, तिचं चित्र आपल्या डोक्यात कसं उमटतं आणि आपण शोधतो कोणत्या सवयीने. या तिघांचं जमलं नाही की माणूस अडकतो. उदाहरणार्थ, वरचा मजला खालच्यासारखाच असणार असं आपण न विचार करता धरून चालतो. जिना इथे होता म्हणजे वरही इथेच. सिएटलमध्ये हे गृहीतक दगा देतं.

याही आधी, १९८१ मध्ये, जेराल्ड वाइसमन यांनी इमारतीत वाट कशाने कळते याच्या चार गोष्टी मांडल्या होत्या. पुढचं दिसतं का, एक भाग दुसऱ्यापेक्षा वेगळा ओळखू येतो का, आराखडा सोपा आहे का आणि पाट्या आहेत का. पाट्या ही चारांतली एकच गोष्ट, हे ध्यानात घ्या. दहा वर्षांनी मायकेल ओनील यांनी दाखवून दिलं की गुंतागुंतीच्या आराखड्यात पाट्या लावूनही लोक फार तर तितपतच वाट काढतात, जितपत ते साध्या आराखड्यात पाट्यांशिवाय काढतात. कधी त्याहूनही वाईट. म्हणजे भिंत चुकीच्या जागी बांधली की पाटी फार तर माफी मागू शकते. मार्व्हिन लेव्हीन यांनी १९८२ मध्ये ‘आपण येथे आहात’ छापाच्या नकाशांबद्दल लिहिलं. नकाशात वर जे दाखवलं आहे ते बघणाऱ्याच्या समोर असलं पाहिजे. नकाशा उलटा लावला तर तो मदत करण्याऐवजी चुकवतो. आपल्याकडे ग्रंथालयात नकाशा बघायचा झाला तर एकच असतो, आग लागल्यावर पळायचा. तोही जिथे खिळा सापडला तिथे टांगलेला.

‘पुढचं दिसतं का’ याचं उदाहरण पाहायचं तर स्टॉकहोमचं शहर ग्रंथालय पाहावं. गुन्नार आस्प्लुंड यांची ही इमारत १९२८ ची. पायऱ्या चढत तुम्ही थेट एका प्रचंड गोल दालनाच्या मध्यात पोचता आणि चहूबाजूंना तीन स्तरांत पुस्तकंच पुस्तकं. कोणाला काही विचारायचं राहतच नाही, सगळं समोर.

त्या मानाने आपल्या जुन्या वाचनालयांचे आराखडे सोपे आहेत, हे आपलं भाग्य. दोन-तीन खोल्या, एक माडी. मुंबईचा टाऊन हॉल घ्या, जिथे एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३३ मध्ये पूर्ण झालेली ग्रीक धाटणीची इमारत, आत गेल्यावर हरवायला फारसा वाव नाही. अडचण बाहेर आहे. रस्त्यापासून तीस पायऱ्या. त्या पायऱ्यांवर रोज कितीतरी तरुण बसतात, फोटो काढतात, डबे खातात. वरच्या खांबांमागे ग्रंथालय आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांना आपण आत जाऊ शकतो का याची खात्री नसते. तालुक्याच्या गावी पायऱ्या इतक्या भव्य नसतात, पण प्रश्न तोच. खाली किराणा दुकान आणि मेडिकल, मधून लाकडी जिना, वर वाचनालय. गुडघे दुखणाऱ्या आजींची वाट त्या जिन्याच्या पहिल्या पायरीलाच संपते. चेन्नईच्या नऊ मजली अण्णा शताब्दी ग्रंथालयात ब्रेल विभाग तळमजल्यावर ठेवला आहे. असा निर्णय घ्यायला खर्च येत नाही.

गोव्यात १८३२ पासून चालत आलेलं मध्यवर्ती ग्रंथालय पणजीच्या पाट्टोवरच्या नव्या, बहुमजली इमारतीत गेलं. आता ते कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखलं जातं. मजल्यामजल्यावर विभाग वाटल्यामुळे तिथे निदान लिफ्टपाशी उभं राहून कुठे जायचं ते ठरवता येतं.

पण महाराष्ट्रात या बाबतीत सगळ्यांत धाडसी प्रयोग कोणत्याच इमारतीत झालेला नाही. पाचगणीजवळच्या भिलार या स्ट्रॉबेरीच्या गावात ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. राज्य मराठी विकास संस्थेचा हा उपक्रम, प्रेरणा वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाची. तिथे पुस्तकांची दुकानं आहेत, भिलारला विक्री नाही, फुकट वाचन आहे. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं आणि सुमारे पंधरा हजार पुस्तकं. एका घरात कादंबऱ्या, एका घरात कविता, कुठे चरित्रं, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. दिवाळी अंकांनाही घर मिळालं आहे. म्हणजे अख्खं गाव हेच वर्गीकरण, आणि गल्ली ही रॅकमधली वाट. आकडा कुठेच नाही. प्रत्येक जागेच्या भिंतीवर चित्रकारांनी तिथल्या साहित्यप्रकाराला साजेशी चित्रं रंगवली, नावाच्या पाट्या लावल्या. रस्त्यावरून चालतानाच हे बालसाहित्याचं घर असं ओळखू येतं. वाइसमनच्या चारांपैकी दुसरी गोष्ट, एक भाग दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसणं, इथे न शिकवता साधली गेली.

तिथेही सगळं आलबेल नाही. एखादं विशिष्ट पुस्तक हवं असेल तर घराघरांत फिरावं लागतं, आणि पाचगणीच्या पावसात ते फिरणं सोसत नाही. पण पर्यटक म्हणून आलेला, आयुष्यात कधी वाचनालयाची पायरी न चढलेला माणूस तिथे ओसरीवर बसून पुस्तक उघडतो. कारण त्याला वाट दिसते आणि आत यायला हरकत नाही हेही दिसतं. घरमालकीण विचारते ती ‘पाणी हवं का?’ असं. ‘सभासद आहात का?’ असं विचारत नाही.

आपले वाचक आपलं आपण पुस्तक शोधू शकणार नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्वतःच्याच वाचनालयातली दिवाळी अंक योजना आठवावी. अंक टेबलांवर मांडलेले असतात, मुखपृष्ठ वर करून. कोणी काही विचारत नाही, कोणी काही सांगत नाही. सत्तरीच्या बायका, शाळकरी मुलं, निवृत्त मास्तर सगळे चाळतात, उचलतात, नोंद करून घेऊन जातात. चोरीही होत नाही आणि विस्कट झालीच तर संध्याकाळी नीट होते. ही योजना चालते त्या काळात आपली वाचनालयं मुक्तद्वार असतात. उरलेल्या वर्षभर पुस्तकं कुलपात का जातात, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

शिवाय आज या इमारतींत सगळ्यांत जास्त वेळ बसणारा वर्ग वेगळाच आहे. अभ्यासिकेतली मुलं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, सकाळी दार उघडायच्या आधी येऊन रात्री दिवे मालवेपर्यंत बसणारी. त्यांचं दार वेगळं, जिना वेगळा, पुस्तकं स्वतःची. वाचनालयाच्या कादंबऱ्यांपासून ती एका भिंतीच्या अंतरावर असतात आणि वर्षानुवर्षं ती भिंत ओलांडत नाहीत. ओलांडावी असं सांगणारं तिथे काही नसतं. अभ्यासिकेच्या जिन्यावर एक फळी लावून ‘आज थकलात? हे वाचा’ असं लिहिलं आणि वर बाण काढला, तर किती जण पलीकडे जातील हे करूनच पाहायला हवं.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली शासनमान्य वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते, आणि अशी वाचनालयं राज्यात हजारोंनी आहेत. वर्ग ठरतो तो मुख्यतः पुस्तकं, सभासद, वृत्तपत्रं यांच्या संख्येवर. कोणी आत आल्यावर त्याला हवं ते पुस्तक सापडलं का, याची नोंद ठेवणारा रकाना मी कुठल्या तपासणी अर्जात पाहिलेला नाही. सरकार तो रकाना आज ना उद्या घालेल अशी आशा धरून बसण्यात हशील नाही. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच माणूस सगळं सांभाळतो. त्याच्यावर आणखी एका अहवालाचं ओझं टाकणं योग्यही नाही.

म्हणून ही विनंती कार्यकारी मंडळांना आहे, ज्यांची नावं फळ्यावर असतात त्यांना. पुढच्या वार्षिक सभेआधी एक संध्याकाळ काढा. गावातल्या नववीतल्या एखाद्या मुलीला बोलवा, जी या वाचनालयात कधी आलेली नाही. तिला सांगा, बहिणाबाईंच्या कविता शोधून आण. मग ग्रंथपालांसकट सगळ्यांनी खुर्च्यांवर गप्प बसायचं, खुणासुद्धा करायच्या नाहीत. ती जिथे पहिल्यांदा थांबून इकडेतिकडे बघेल, तिथे पहिली पाटी लावा.